आधी पाच झिंगे

धुळ्याहून जळगावकडे लोक लग्नाला जातात, सोनं घ्यायला जातात, नाहीतर भरीत खायला जातात. मी झिंगे घेऊन निघाले होते. गोड्या पाण्यातली कोळंबी, बोटाएवढी, जिवंत, ऑक्सिजन भरलेल्या प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत. एक पिशवी असोद्याच्या शाळेसाठी, दुसरी पहूरच्या. शेततळ्यात झिंगा आणि शिंपला कसा वाढवतात, हे मी गेली काही वर्षं खान्देशातल्या शाळांत शिकवते. आमच्याकडे समुद्र नाही, आणि फळ्यावर काढलेला झिंगा पोरांना पटत नाही. म्हणून ही यातायात.

जावं की नाही यावर मात्र घरात बराच खल झाला. दिवाळीनंतर असोद्याला नेलेले सगळे झिंगे मेले होते. नळाचं ताजं पाणी टाकीत भरलं आणि त्यातल्या ब्लीचिंग पावडरीने घात केला. मुलं रडली नाहीत, नुसती गप्प झाली, आणि मला ते जास्त लागलं. या वेळी मुख्याध्यापकांनी फोनवर अगदी गोड आवाजात सांगून ठेवलं होतं, "मॅडम, पुन्हा तसंच झालं तर हा उपक्रम आपण थांबवू या. मुलांना सारखं मेलेलं काय दाखवायचं?"

फेब्रुवारी संपत आला होता. उजाडता उजाडता साक्री रोडच्या एका तळ्यावरून पिशव्या घेतल्या, थर्मोकोलच्या खोक्यात ठेवल्या, मध्ये बर्फाच्या बाटल्या खोचल्या. गाडी भिकनभाऊंची. हे आमच्या गल्लीतले, बोलायला तिखट, पण स्टिअरिंगवर हात एकदम शांत. पारोळ्यापर्यंत मी चारदा मागे वळून खोक्याचं झाकण उघडलं.

"ताई," भिकनभाऊ त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "तुमनं बठ्ठं ध्यान झिंगासकडे शे. रस्ताकडे मनं शे. आते तरी सरळ बसा."

रस्ता चांगला आहे, चौपदरी. याच वाटेने कोणी जाणार असेल तर सकाळी लवकर निघा आणि एरंडोलला चहा घ्या. नऊनंतर ऊन असं तापतं की काचा लावा नाहीतर उघडा, सारखंच. चहा पिताना पाहिलं तर बर्फाच्या बाटल्यांत नुसतं पाणी उरलं होतं. झिंगे पिशवीच्या कोपऱ्यात गोळा झालेले. माझा चहा तसाच राहिला.

जळगाव ओलांडून असोद्यात शिरलो तेव्हा रस्त्यावर केळीच्या गाड्या उभ्या होत्या आणि शाळेच्या फाटकावर अख्खा नववीचा वर्ग. सगळ्यांत पुढे प्रज्ञा. बारीक चणीची, दोन वेण्या, मागच्या वेळी गप्प झालेल्यांत हीच सगळ्यांत जास्त गप्प झाली होती. फुटलेल्या सिमेंटच्या टाकीऐवजी हिने आजोबांकडून निळा मोठा ड्रम आणवला होता. आजोबा तिथेच होते, धुतलेला सदरा घालून.

"जय भीम, मॅडम," ते म्हणाले. "कालच पानी भरून ठेवलं. पोरगी म्हने, पानी एक रात शियं व्हायला पायजे."

पोरीने धडा पक्का लक्षात ठेवला होता, पाणी रात्रभर शिळं केलं की ब्लीचिंग उडून जातं. मला इतकं बरं वाटलं की तिथेच तिला जवळ घ्यावं. पिशवी ड्रमच्या पाण्यावर तरंगत ठेवली, म्हणजे आतलं नि बाहेरचं पाणी सारखं कोमट होतं. मुलं वाकवाकून बघत होती. "सोडा ना मॅडम, सोडा ना!"

माझा एक नियम आहे. आधी पाच. पिशवीतून पाच झिंगे पांढऱ्या भांड्यात घ्यायचे, भांड्यात नव्या जागेचं पाणी घालायचं आणि हात बांधून बसायचं. मी मुलांना कारणही सांगितलं, "एक मेला तर तो आजारी असेल. पाचांवरून कळतं."

थोडा वेळ पाचही ऐटीत चालले. मग एकाने उडी मारली. मुलं हसली. दुसरा गोल गोल फिरायला लागला. तिसऱ्याचे पाय थरथरू लागले आणि तो कुशीवर पडला. हसणं थांबलं. पिशवी अजून ड्रममध्येच तरंगत होती. मी ती दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरली आणि ओरडले, "या ड्रममध्ये आधी काय होतं?"

मुलं आजोबांकडे बघू लागली. शेवटी आजोबा म्हणाले, "फवारनीचा हाये. शेटच्या कपाशीत मीच औषध कालवायचो त्याच्यात. जुना झाला म्हनून त्यांनी मले देऊन टाकला. तीन डाव धुतला मी, मॅडम. राखेनं, सोड्यानं. वास घेऊन पाहा."

मी भडकलेच. "आबा, बोंडअळीचं औषध! वासावर काय जाता?" एवढ्या पोरांसमोर मी एका म्हाताऱ्या माणसाला असं बोलले. ते मान खाली घालून उभे राहिले. प्रज्ञाचा चेहरा पांढराफटक. मागून कोणीतरी पुटपुटलं, "हिच्याच ड्रमनं मारले."

पण भांडायला वेळ नव्हता. उघडलेल्या पिशवीतला ऑक्सिजन निघून गेला होता, पाणी तापत होतं आणि झिंगे आता वर तोंड काढायला लागले होते. दुसरं भांडं हवं होतं, दुसरं पाणी हवं होतं, आत्ता. चौधरी सर, म्हणजे त्यांचे विज्ञानाचे शिक्षक, खिचडीचं पातेलं आणायला धावले. स्वयंपाकाच्या अक्कांनी दारातच आडवा हात धरला. गळ्यात माळ. "सर, माळकऱ्यांची पोरं जेवतात याच्यात. झिंगा नाही घालू देनार." खरं तर त्यांचं बरोबर होतं. आणि पातेलं मिळालं असतं तरी त्यात घालायला होतं फक्त नळाचं ताजं पाणी, ज्याने मागच्या वेळी मारलं होतं.

मी घड्याळ बघायचं सोडून दिलं.

"मॅडम," प्रज्ञाचा आवाज. "रांजणातलं पाणी कालचं आहे. काल संध्याकाळी आम्हीच भरलं."

व्हरांड्यात मुलांच्या पिण्याच्या पाण्याचे दोन रांजण होते. मातीचे, गार, रात्रभर उभे. आम्ही सगळे तिकडे वळलो. अक्का पुन्हा पुढे आल्या, मला वाटलं आता हेही गेलं. त्यांनी रांजणावरचं झाकण काढून बाजूला ठेवलं. "पोरं आज माह्या घरून पानी पितीन," एवढंच म्हणाल्या.

पुन्हा भांडं. पुन्हा पाच. या वेळी वर्ग इतका शांत की शेजारच्या वर्गातले पाढे ऐकू येत होते. पाचही चालत राहिले. एकाने तर चौधरी सरांच्या बोटाला चिमटा काढला. तेव्हा कुठे पिशवी सोडली. झिंगे खाली तळाशी गेले, मुलांनी टाकलेल्या खापराच्या तुकड्यांआड लपले, आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी पायरीवर बसले.

त्या दिवशी मी शिंपल्यांचा धडा घेतलाच नाही. झिंगा आणि बोंडअळी नात्यातले कसे, एवढंच बोललो. दोघंही संधिपाद, सांध्यांच्या पायांचे, म्हणून एकाचं औषध दुसऱ्याचा जीव घेतं. मुलं वहीत लिहीत होती. प्रज्ञा लिहीत नव्हती.

"मॅडम, उन्हाळ्यात आम्ही त्याच ड्रममध्ये प्यायचं पाणी भरतो," ती म्हणाली. "दरवर्षी."

आबा दाराशी होते. त्यांनी ऐकलं. ते ड्रमकडे गेले, आडवा करून सगळं पाणी मैदानात ओतू लागले. मी धावत जाऊन त्यांना निदान शेजारच्या केळीच्या बागेपासून लांब ओता म्हटलं, आणि मघाशी ओरडले त्याची माफी मागितली. ते म्हणाले, "तुमी वेयेवर वरडल्या." आणि मग प्रज्ञाने मला विचारलं, अगदी साधेपणाने, "तुमच्या घरी पाणी कशात भरता, मॅडम?"

"ड्रममध्येच."

"आधी त्यात काय होतं?"

मला माहीत नव्हतं.

दुपारी नेरीवरून पहूरला गेलो, दुसऱ्या न उघडलेल्या पिशवीभोवती भिकनभाऊंनी नवा बर्फ भरून ठेवला होता. मध्ये एका ढाब्यावर कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि हंगामातलं शेवटचं भरीत मिळालं. खरोखर उत्तम होतं, वाटेत थांबाच, पण मी काय खाल्लं ते धड आठवत नाही. पहूरच्या शाळेत टाकी नवीकोरी होती, तरी मी दहा प्रश्न विचारले. आधी पाच, मग बाकीचे. सगळे जगले. भिकनभाऊ परतताना म्हणाले, "ताई, आते तरी हासा." हसू आलं नाही. मांडीवर बरणीत घरच्यासाठी मागून घेतलेले पाच झिंगे होते.

घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मोरीत दोन निळे ड्रम कायमचे. नवऱ्याला विचारलं, कुठून आणले होते? "भंगारवाल्याकडून. धुऊन दिले होते त्याने."

धुऊन.

पांढऱ्या भांड्यात दोन्ही ड्रमचं पाणी घेतलं आणि लपायला खापराचा तुकडा टाकून पाचही झिंगे सोडले. रात्रभर ठेवायचं ठरलं. तोवर घरात विकतचं पाणी. नवरा म्हणाला, अगं इतकी वर्षं पितोय आपण. मी विकतच्या पाण्याची बाटली त्याच्यापुढे ठेवली.

सकाळी भांड्याच्या तळाशी एक झिंगा पांढरा होऊन पडला होता. बोटाने हलवला, हलका, पोकळ. कात होती. पाचही झिंगे कडेला होते, त्यांतला एक मऊ, नव्या अंगाचा, खापराला चिकटून. वाढणारा झिंगाच कात टाकतो. मी मुलांना हे शंभरदा सांगितलंय आणि तरी मोरीत बसून रडले.

लगेच चौधरी सरांना फोन लावला. प्रज्ञा आणि आबा शाळेतच होते, रांजणातले झिंगे बघायला आलेले. माझ्या ड्रमची बातमी ऐकून प्रज्ञा खूश झाली. म्हणाली, आबांनी आमच्या ड्रमला कुऱ्हाड घातली, म्हणजे कोणी उचलून नेणार नाही. मग आबांनी फोन घेतला.

"मॅडम, झिंग्याचं थोड्या वेयात कयतं," ते म्हणाले. "मानसाचं किती दिसात कयतं?"

नात इतकी वर्षं ते पाणी प्यायली होती, आणि औषध कालवणारे हात त्यांचेच होते. मी म्हटलं, "हे डॉक्टरांनाच विचारू या, आबा."

रविवारी पुन्हा असोद्याला निघालेय. या वेळी झिंगे नाहीत. आबांना आणि प्रज्ञाला जळगावला डॉक्टरांकडे घेऊन जायचं आहे.