सरळ केलेली खंजेरी

आमच्या अल्बमला यंदा पंधरा वर्षं होतील. आमच्या म्हणजे माझ्या आणि माझ्या मित्राच्या. शब्द आणि आवाज त्याचा, बाकीची सगळी जोडाजोड माझी. वऱ्हाडी बोलीतला रॅप, एकूण आठ गाणी. कुठल्या कंपनीने तो काढला नव्हता. अमरावती आणि अकोल्यातल्या मोबाइलच्या दुकानांतून, मेमरी कार्डात भरून तो पसरला. ऑटोवाल्यांनी वाजवला, हॉस्टेलच्या पोरांनी वाजवला. आता रॅप करणारी विशीतली मुलं त्याला क्लासिक म्हणतात आणि भेटायला आली की हमखास एकच गोष्ट विचारतात, "सर, ती खंजेरी कशी केली?"

मी हसून विषय बदलतो. त्यांना वाटतं, माणूस विनयशील आहे. विनय बिनय काही नाही. मला लाज वाटते.

ही लाज समजायची तर आधी एका दुसऱ्या अल्बमबद्दल सांगावं लागेल. मी मूळचा अकोल्याचा. कॉलेजात असताना एका सीनियरने मला एक कॉपी केलेली सीडी दिली. परदेशातला हिप-हॉप अल्बम होता. त्यातला एक शब्द मला कळत नव्हता, पण ढोलाचा ठोका कळला. तो जिथे पडावा असं वाटायचं तिथे पडतच नसे. किंचित मागून, आळोखेपिळोखे देत यायचा. पहिल्यांदा मला वाटलं, सीडीच खराब आहे. मग सायबर कॅफेत बसून त्याबद्दल वाचत गेलो, तेव्हा उलगडा झाला. ताल तयार करायच्या मशीनमध्ये एक सोय असते. तुम्ही बोटांनी ठोका कसाही वाजवा, मशीन तो ओढून पडद्यावर तालाच्या मोजून आखलेल्या रेघेवर आणून बसवते. ज्याने तो अल्बम केला त्याने ती सोय बंद ठेवली होती. माणसाचं बोट जसं पडलं तसं त्याने राहू दिलं होतं. जगभरचे संगीतकार त्या एका अल्बमवरून उशिरा वाजवायला शिकले, अजून शिकताहेत.

मी तर वेडाच झालो. भेटेल त्याला पकडून ऐकवायचो. रेघेवर वाजवतो तो कारकून आणि रेघ सोडून वाजवतो तो कलावंत, असं एक वाक्यही मी तयार करून ठेवलं होतं. पुढे शिकायला अमरावतीला आलो, तिथे हा मित्र भेटला, आणि ते वाक्य त्याने निदान शंभरदा ऐकून घेतलं.

मित्राचं घर अमरावतीपासून अर्ध्या तासावरच्या एका गावात. घरची भाजीची शेती, मेथी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि कडेने गेंदा, म्हणजे झेंडू. त्याचे वडील, मी त्यांना काका म्हणायचो, पहाटे जुड्या घेऊन बाजारात जायचे आणि संध्याकाळी गावच्या भजन मंडळात खंजेरी वाजवायचे. त्यांच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं कडबा कापायच्या मशीनमध्ये अर्धी गेलेली. त्यामुळे जो हलका ठोका त्या बोटांनी द्यायचा, तो ते करंगळी आणि तळहाताच्या कडेने देत, आणि तो जरा उशिरा येई. मंडळाला त्याची इतकी सवय झाली होती की गाणारा ओळीचं शेवटचं अक्षर ताणून धरायचा, काकांचा ठोका आला की मगच पुढची ओळ उचलायचा. बाहेरगावचा कोणी त्यांच्यात गायला बसला की तोंडावर पडायचा. भजन स्पर्धेत परीक्षक दरवर्षी त्यांचे तालाचे मार्क कापायचे, आणि मंडळ दरवर्षी ढिम्म.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते कौंडण्यपूरच्या जत्रेत, नदीच्या घाटावर. ऐकलं आणि जागीच थबकलो. माझ्या सीडीतला तोच ठोका होता. कुणाकडून शिकलेला नाही, कुठे वाचलेला नाही, हाताने स्वतः शोधून काढलेला. मी मित्राला म्हणालो, "तुझ्या बाबांना माहीत तरी आहे का, ते काय करताहेत?"

"काय करून राहिले?" तो म्हणाला. "बोटं नाहीत त्यायले. दुसरं काय."

आमचा अल्बम सुरू झाला तेव्हा मीच हट्ट धरला, खंजेरी काकांचीच पाहिजे. ते एक दिवस बाजार उरकून माझ्या खोलीवर आले. खंजेरी खांद्यावरच्या दुपट्ट्यात गुंडाळलेली होती. आधी गच्चीवर जाऊन त्यांनी ती उन्हात तापवली, मग खिडकीला गादी लावलेल्या त्या खोलीत भिंतीला टेकून तासभर वाजवत राहिले. मी माइक धरून समोर. उठताना त्यांनी विचारलं, "झालं का बेटा तुह्यं काम?" मी म्हणालो, झालं.

झालं कसलं! माझा मशीनवरचा ढोल रेघेवर आणि त्यांची खंजेरी रेघेमागे. दोन्ही एकत्र लावलं की मित्राला पाय कुठे ठेवावा ते कळेना. चार दिवस तो घसरत राहिला. शेवटी वैतागून म्हणाला, "याच्यावर बसून नाही राहिलं बे. काही तरी कर."

करायचं काय, ते मला पक्कं ठाऊक होतं. माझा ढोल सैल करायचा, काकांच्या मागे न्यायचा, मंडळातला गाणारा थांबतो तसं गाण्यालाच थांबायला शिकवायचं. त्या सीडीने मला हेच तर शिकवलं होतं. पण मी ते गाणं अमरावतीच्या लोकांच्या कानांनी ऐकून पाहिलं, आणि मला भीती वाटली. लोक म्हणतील, याला ताल कळत नाही. म्हणून मी काकांचा एकेक ठोका कापला आणि माउसने ओढून रेघेवर आणला. तीन दिवस बसलो होतो. परदेशातला माणूस उशिरा वाजवतो ती कला, आणि मित्राचा बाप उशिरा वाजवतो ती चूक. माझी अक्कल एवढीच होती. वर कॉम्प्युटरची डिस्क लहान म्हणून सरळ केलेली खंजेरी मूळ रेकॉर्डिंगवरच सेव्ह करून टाकली.

हे इथेच थांबलं असतं तर मी आज कदाचित हसत हसत सांगितलं असतं. अल्बम तयार झाल्यावर मी गावात गेलो. मित्र बाजारात होता. काका मेथी काढत होते. मी बांधावर बसून मोबाइलवर गाणं लावलं, इअरफोन त्यांच्या कानात घातले. ते डोळे मिटून पूर्ण ऐकत राहिले. मग म्हणाले, "पोट्ट्याचा आवाज चांगला आला. खंजेरी कोनं वाजोली रे?"

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण ते खरंच विचारत होते. "हात लय साफ आहे," ते म्हणाले.

तुमचाच आहे, एवढे दोन शब्द बोलायचे होते. पण ते बोललो असतो तर पुढे सांगावं लागलं असतं की तुमची चूक मी दुरुस्त केली. त्यांच्या तोंडावर ते म्हणायची माझ्यात हिंमत नव्हती. मी म्हणालो, "अकोल्याचे एक जण आहेत."

"मंग माह्यं नाही घेतलं?"

"आवाज नीट आला नव्हता, काका. माइक खराब होता."

"बरं केलं," ते म्हणाले. इअरफोन शर्टाला पुसून त्यांनी माझ्या हातात दिले आणि पुन्हा मेथी काढायला लागले.

त्या वर्षी काकांनी मंडळात खंजेरी सोडली. दुसऱ्याच्या हातात दिली आणि स्वतः टाळ घेऊन मागे बसू लागले. मित्राला वाटलं, बोटं दुखत असतील. घरात बाप-लेक अशा गोष्टी एकमेकांना विचारत नाहीत, त्यामुळे काका मनाने अकोल्याच्या माणसाला मानत राहिले आणि मित्र सगळ्यांना अभिमानाने सांगत राहिला की खंजेरी माझ्या बाबांची आहे. दोघांच्या मधे मी, तोंड शिवून. पुढच्या भजन स्पर्धेत मंडळाचे तालाचे मार्क कापले नाहीत. त्यांना दुसरा नंबर मिळाला. मी ऐकायला गेलो होतो. गाणारा आता कुठेच थांबत नव्हता. लोक मला म्हणाले, मंडळ सुधारलं. मी मान डोलावली.

आता मी अमरावतीच्या एका कोचिंग क्लासमध्ये व्हिडिओ जोडायचं काम करतो. शिकवणाऱ्यांचा खोकला, अडखळणं, "म्हणजे काय की", सगळं कापून फेकतो. त्यात माझा हात धरणारा कुणी नाही. आणि आमच्या अल्बमचा वारसा काय, तर ती सरळ खंजेरी. मुलं ती गाण्यातून उचलून आपल्या गाण्यात लावतात. तशीच खंजेरी हवी म्हणून मशीनवर बसवतात. ज्या सीडीने मला घडवलं तिच्या नेमकं उलट मी एका अख्ख्या पिढीला शिकवून बसलो.

गेल्या महिन्यात मित्र आला. म्हणाला, अल्बमला पंधरा वर्षं होऊन राहिली, कार्यक्रम करू, आणि बाबांना स्टेजवर बसवू. "लोकायले दाखवू ना, हात कोनाचा होता तं."

तेव्हा मात्र मला बोलावंच लागलं. चहाच्या टपरीवर सगळं सांगितलं. रेघा, माउस, अकोल्याचा माणूस. त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. मग म्हणाला, "मी म्हणो, बोटं दुखून राहिले म्हून सोडली त्यायनं." मी माफी मागायला लागलो तर त्याने हाताने थांबवलं. "मले कायले सांगून राहिला? त्यायले सांग."

मी गेलो. काका आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत, शेतात जात नाहीत, पण ओसरीत बसून जुड्या बांधतात. मी समोर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. ती खंजेरी तुमचीच होती, अकोल्यात कुणीही नाही, मी खोटं बोललो. हातातली जुडी बांधून झाल्यावर ते म्हणाले, "पोट्ट्यानं पाठोलं का तुले?"

"नाही काका. खरंच सांगतोय."

"माह्या म्हातारपणाची दया येऊन राहिली असंन तुले. पण खोटं नको बोलू बेटा. माहा हात मले नाही समजत का? तो हात माहा नोहे."

ते खरंच होतं. तो हात त्यांचा नव्हताच. मी रेघा कशा असतात ते समजावायला लागलो, मोबाइल काढला, पण दाखवणार काय? मूळ रेकॉर्डिंग पंधरा वर्षांपूर्वी माझ्याच हाताने पुसलेलं. माझ्याकडे पुरावा म्हणून तीच खंजेरी होती, जी ऐकून ते माझं म्हणणं नाकारत होते.

काका उठून आत गेले आणि खंजेरी घेऊन आले. "थांब, तुले एक गंमत दाखोतो," म्हणाले. बसले, मांडी घातली आणि वाजवायला लागले.

ठोका अगदी रेघेवर होता. आमच्या गाण्यातला जसाच्या तसा. अर्ध्या बोटांच्या जागी ते आता अंगठा फिरवत होते, मनगट वेगळंच वळवत होते, आणि कुठेही तसूभर उशीर नव्हता. ते माझ्या तोंडाकडे बघून खूश झाले.

"गोठ्यात बसून शिकलो," ते म्हणाले. "पोट्ट्याच्या मोबाइलवर तुमचं गानं लावो अन् त्या अकोल्यावाल्याच्या संगं वाजवो. तीन वर्षं गेले. मंडळात नाही वाजोत, तथी दुसरा आहे, त्याले कायले उठवा. पण जमलं पाह्य मले."

मी म्हणालो, "काका, एकदा पहिल्यासारखं वाजवा ना. घाटावर वाजवायचे तसं."

त्यांनी मान हलवली आणि प्रयत्न केला. करंगळी वर नेली, हात अडखळला, ठोका आपोआप रेघेवर जाऊन पडला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मग त्यांनी खंजेरी मांडीवर ठेवली.

"नाही येत आता ते," ते म्हणाले. "लय मेहनतीनं मोडलं ना."

रडू येत होतं, पण त्यांच्यासमोर रडायचा हक्क मला नव्हता. त्यांनी पुढ्यातली मेथी पुन्हा जवळ ओढली.

"स्टेजवर येईन मी," ते म्हणाले. "पण त्या अकोल्याच्या मानसाले आधी बसोजो, मले त्याच्या बाजूले. गुरू आहे तो माहा. बोलावशीन ना?"

"बोलावतो, काका," मी म्हणालो.