मालकांना न सांगता तोरण्यावर

भोरहून निघताना मालकांना एवढंच म्हटलं, की तोरण्यावरच्या मेंगाईचं दर्शन घेऊन येतो. ते इमारतींचे कंत्राटदार आणि मी त्यांचा नकाशे काढणारा. माझ्या आधीच्या माणसानं दुसरीकडे अर्ज केल्याचं कळताच त्यांनी त्याला त्याच संध्याकाळी घालवलं होतं. मलाही वेल्ह्यात डोंगरांची मोजणी करणाऱ्या एका साहेबांना भेटायचं होतं. त्यांना मदतनीस हवा होता आणि मी गुपचूप अर्ज धाडला होता.

नसरापूरपर्यंत मोटार, पुढे पायी. मार्गासनीला ओढ्यावर पाणी पीत होतो, तोच हाक आली.

"अवं भाऊसाहेब, तुमी हितं कुठं?"

मालकांच्या घरी तांदूळ घालणाऱ्या सखूबाई! ओंजळीतलं पाणी सोडून उभा राहिलो.

"मेंगाईला चाललोय."

"मंग मी बी येते. लई दिसांचं मनात हाय."

वेल्ह्यात त्यांच्या लेकीकडे उतरलो. जेवायला नाचणीची भाकरी आणि माडगं (हुलग्याच्या पिठाचं पातळ कालवण). हळूच बाहेर पडून साहेबांचा तंबू गाठला, तर साहेब यंत्र घेऊन गडावर मुक्कामाला गेलेले. आता सखूबाईंबरोबरच चढणं आलं.

सकाळी निघालो. निम्म्या चढात वहाणेचा अंगठा तुटला. अनवाणी पुढे गेलो, तर दोन्ही बाजूंना दरी आणि मधे अरुंद सोंड. मी तिथेच खाली बसलो.

"खाली बघू नगा, म्होरं बघा," म्हणत सखूबाईंनी मनगट धरलं.

दरवाजातून वर आलो. पायांखाली ढग सरकत होते. समोर राजगड पाण्यातल्या बेटासारखा उभा होता. ढग फाटले की खोल कुठेतरी कानंदी नदीची रेघ चमके. एवढा मोठा मुलूख इतक्या जवळ असून मी आजवर भिंती आणि खिडक्याच काढत बसलो होतो!

माचीवर साहेब भेटले. "भोरचे नकाशेवाले तुम्हीच ना? अर्ज पाहिला तुमचा," ते मोठ्यानं म्हणाले. सखूबाई शेजारीच होत्या. साहेबांनी कागद दिला, समोरची डोंगररांग काढायला सांगितली. पहिली रेघ वाकडी गेली. मग डोंगरांनीच हात धरल्यासारख्या पुढच्या रेघा नीट उतरल्या.

देवळात सखूबाईंनी विचारलं, "मालकास्नी ठावं न्हाई?"

"नाही. कळलं तर आजची नोकरी जाईल, आणि उद्याची अजून हातात नाही."

"माझ्या तोंडून न्हाई जायाचं. पर काम लागलं की तुमीच सांगा. दुसऱ्याकडनं कळू नगं."

भोरला परतल्यावर महिनाभर मान खाली घालून काम केलं. नेमणूक झाल्याचं कळलं, त्याच दिवशी मालकांपुढे उभा राहिलो आणि तोरण्यासकट सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा लाल झाला. ते उठून खिडकीशी गेले.

"उभा जन्म इथं गेला," ते म्हणाले, "पण त्या गडावर मी कधी चढलो नाही. बैस. वरून काय काय दिसतं, नीट सांग."