सकाळी आंध्रात, दुपारी महाराष्ट्रात

उद्धवराव गुरुजींच्या गावावर दोन सरकारांचा जीव होता. आदिलाबादकडच्या वांकिडीच्या पुढे, डोंगराच्या अंगावर वसलेलं ते गाव आंध्र प्रदेशही आपलं म्हणायचा आणि महाराष्ट्रही. त्यामुळे गावात पाण्याच्या टाक्या दोन, आणि दोन्ही कोरड्या. शाळाही दोन, मधे एक बैलगाडी जाईल एवढी गल्ली. अलीकडे आंध्राच्या मराठी शाळेवर उद्धवराव, पलीकडे महाराष्ट्राच्या शाळेवर केशवराव. पोरं मात्र एकाच शाळेपुरती होती.

यावर दोघांनी कधी बैठक घेतली नाही की ठराव केला नाही. पोरं सकाळी उद्धवरावांकडे बसायची आणि दुपारी दप्तर उचलून गल्ली ओलांडायची. नावं दोन्ही पटांवर. आंध्राच्या मंडल ऑफिसचा साहेब जीपमधून उतरून "एंतमंदी?" म्हणाला, म्हणजे किती पोरं, की उद्धवराव भरलेला वर्ग दाखवायचे. महाराष्ट्राचा साहेब चुकून सकाळी उगवलाच, तर शेजारणीकडे विरजण मागावं तसे केशवराव गल्लीतून विचारायचे, "गुरुजी, जरा पोरं पाठवता का?" पट घसरला तर शाळा बंद. शाळा बंद झाली तर उद्धवरावांची बदली अशा मुलखात, जिथे मराठी ऐकायला रेडिओ लावावा लागेल.

या व्यवस्थेला पहिली धडक दिली ती उद्धवरावांच्याच मुलीने. मनकर्णा, आजीचं नाव मिरवणारी मनू, राजुऱ्याला मामाकडे राहून बारावी झाली आणि चंद्रपूरच्या एका फार्मसी कॉलेजात तिचा नंबर लागला. पण फी-माफी फक्त महाराष्ट्राच्या रहिवाशांना. परराज्यातल्यांना माफी नाही आणि फीही चढी. ती भरायची म्हणजे गुरुजींच्या पगाराने स्वप्नातसुद्धा पाय मागे घेतला असता. आदिलाबादला आंध्राच्या ऑफिसात विचारलं, तर तिथला बाबू म्हणाला, बाहेरच्या राज्यात शिकणाऱ्यांना आमची शिष्यवृत्ती नाही. म्हणजे दोन सरकारांच्या लाडक्या गावची पोरगी शिकायला निघाली आणि दोन्ही सरकारांना एकदम आठवलं, की ती दुसऱ्याची आहे.

रहिवासाचा पुरावा म्हणून चौथीचा दाखला लागत होता. तो केशवरावांनी लगेच दिला.

"पोरगी माह्या शाळेत बसली का नाही? बसली. मंग?"

"अर्धा दिवस बसली, केशवराव."

"दाखल्यात अर्ध्या दिवसाचा रकाना नसते, गुरुजी."

माफीचा निकाल मुलाखतीच्याच दिवशी लागणार होता. माफी नाही मिळाली, तर संध्याकाळी जागा पुढच्या मुलाला. त्या दिवशी बापलेक कॉलेजच्या बाकावर बसून होते. गुरुजी मनूला हळूच शिकवत होते, "विचारलं तेवढंच सांगजो."

आत तिघं होते. मधे प्राचार्यबाई, उजवीकडे चष्म्यातून कमी आणि चष्म्यावरून जास्त पाहणारे संस्थेचे एक सभासद, डावीकडे कागद पुढे सरकवणारे हेडक्लार्क भगवंतराव. दाखला पाहून झाला. सही, शिक्का, सगळं ठीक. भगवंतरावांनी मंजुरीचा शिक्का हातातही घेतला. तेवढ्यात बाईंनी, उगाच मुलीला जरा मोकळं वाटावं म्हणून, विचारलं, "लहानपणी कोणते गुरुजी आवडायचे गं?"

मनूने विचारलं तेवढंच सांगितलं. "सकाळी बाबा आवडाचे. दुपारी केशवराव गुरुजी."

भगवंतरावांनी हातातला शिक्का परत खाली ठेवला. तिची चूक तरी काय म्हणायची? सगळ्या जगातली पोरं दोन शाळांत जातात, असंच ती धरून होती.

"बाबा म्हणजे?" चष्मेवाले.

"मी," उद्धवराव म्हणाले. "आंध्राच्या शाळेवर हाय."

"म्हणजे एक मुलगी दोन राज्यांच्या पटावर. आणि माफी आमच्या राज्याच्या तिजोरीतून. गुरुजी, इथल्या गरिबाच्या पोराने कुठे जायचं?"

प्रश्न खोटा नव्हता. दाराबाहेर तसाच एक बाप, तसाच धुतलेला सदरा घालून बसला होता. येताना त्याने गुरुजींना तंबाखूही देऊ केली होती.

भगवंतराव मनाचे मऊ. त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "लिहून द्या, मुलगी लहानपणापासून महाराष्ट्रातल्या नातेवाइकांकडे वाढली, तुमच्या घरी कधी राहिलीच नाही. बाकी मी पाहतो."

उद्धवरावांनी पेन उघडलं. वर्गात नसलेल्या पोराला हजर लिहिताना हे पेन कधी अडलं नव्हतं. पण घरात असलेल्या पोरीला गैरहजर लिहायचं म्हणताच ते कागदावर टेकेना. मनू बापाकडे पाहत होती.

गुरुजींनी पेनाला टोपण लावलं.

"हे नाही लिवत. पोरगी माह्या घरी वाढली. पट दोन्हीकडं भरला, तो आमीच भरला. शाळा टिकाव्या म्हणून. पोरगीचा त्यात काही गुन्हा नाही."

"हे मला नोंदवावं लागेल," बाई म्हणाल्या. "दोन्हीकडच्या शिक्षण खात्यांना पत्र जाईल. तुमच्या नोकरीवर येईल."

"येऊ द्या." उद्धवरावांनी पेन खिशाला लावलं. "एक विचारू का, बाई? मतं मागाले आमच्या गावात दोन्हीकडचे येतात. तवा कोणी दाखला मागत नाही. पोरगी शिकाले निघाली तवाच आमी परके काऊन होतो?"

चष्मेवाले नियम म्हणत होते, बाई मुलीचे गुण म्हणत होत्या. शेवटी, कोणालाच पूर्ण 'हो' म्हणवेना आणि पूर्ण 'नाही'ही, तेव्हा कॉलेजच्या स्वतःच्या मदतनिधीतून अर्धी माफी निघाली. जागा राहिली. उरलेल्या अर्ध्या फीचं पुढचं पुढे, आणि चौकशीचं पत्र मात्र उद्याच्याच टपालाने.

गुरुजी घरी न जाता तडक केशवरावांच्या ओट्यावर गेले. ऐकता ऐकता केशवरावांच्या हातातला अडकित्ता थांबला.

"माहं नाव काऊन सांगतलं?"

"मी नाही, मनूनं. खरं बोलाची सवय हाय तिले."

"ते मी शिकवलं. दुपारी."

"सकाळी. मी शिकवलं."

यावर दोघांची थोडी जुंपली, आणि तेवढ्यापुरतं दोघांनाही बरं वाटलं. मग केशवरावांनी खरा प्रश्न काढला. "आता पोरं वाटून घ्या लागतीन. एका नावाची एकच शाळा. एक तरी शाळा बंद पडन."

"माही पडू द्या. तुमची नोकरी अजून लंबी हाय."

"आन् तुमी? साहेबानं दूर धाडलं त?"

"जाईन," उद्धवराव म्हणाले. "पोरगी अर्ध्या फीवर औषधं शिकन, मी म्हातारपणी तेलुगू शिकीन. तुमी फक्त माही सकाळची वेळ नीट सांभाळजा. पोरायचं जेवल्यावर ध्यान नसते."

"दुपारी माह्यापुढं पेंगतात ते मले माहीत हाय," केशवराव म्हणाले, आणि त्यांनी सुपारी फोडून अर्धी गुरुजींच्या हातावर ठेवली.