सुतकात आलेली बाई

देवाकडे मागताना माणूस किती हुशारी करतो, हे मला माझ्यावर वेळ आली तेव्हा कळलं. मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधल्या एका लहानशा नर्सिंग होममध्ये सिस्टर आहे. लग्नानंतर बरीच वर्षं वाट पाहून, अंबरनाथच्या शिवमंदिरात सोमवारमागून सोमवार घालवून मला मुलगी झाली. बाळंतपणाची रजा संपवून मी कामावर आले तेव्हाही ती अंगावरच पीत होती. बाटली दिसली की बाईसाहेब तोंड फिरवायच्या आणि सासूबाईंचा जीव मेटाकुटीला यायचा. मला मात्र मनातून त्याचा अभिमान वाटायचा.

त्या रविवारी विठ्ठलवाडीच्या चाळीतला एक माणूस दाखल झाला. जीन्सच्या कारखान्यात कामाला होता. अंगात ताप, धाप लागलेली, नुसता हाडांचा सापळा. उशाशी बायको, दारात भाऊ. मी इंजेक्शन दिलं. सुई कापायचं मशीन पलीकडच्या खोलीत होतं, म्हणून सुईला परत टोपण लावायला गेले. असं कधी करायचं नसतं, हे आम्हीच नव्या मुलींना रोज ओरडून सांगतो. टोपण निसटलं आणि सुई हातमोज्यातून माझ्या बोटात शिरली. मी साबणाने हात धुतला, धुतच राहिले. डॉक्टरांनी भावाला विचारलं, यांना आधीचा काही आजार? तो म्हणाला, "शुगर आहे, बाकी काय नाय." बायकोने मान खाली घातली. संध्याकाळच्या आत तो माणूस गेला. रक्त तपासू द्या म्हटल्यावर भाऊ भडकला, "मेलेल्या मानसाची आता कसली टेस्ट करता?" आणि ते त्याला घेऊन गेले.

डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, वाट बघू नका. सरकारी दवाखान्यात जाऊन आजच औषध सुरू करा." एचआयव्हीची लागण रोखायची ती औषधं जितकी लवकर घ्यावीत तितकी बरी आणि तीन दिवस उलटले की त्यांचा उपयोग नाही, हे मलाही पाठ होतं. पण ती सुरू केली की मुलीला पाजणं बंद, असंही त्यांनी सांगितलं. मी "उद्या बघते" म्हणाले. शुगरच तर होती ना, असं मनाला समजावत घरी आले. मुलीला मांडीवर घेतलं, आणि मला पाजवेना. ती रडत होती, माझा पदर ओढत होती आणि मी मोरीत उभी राहून दूध पिळून टाकत होते. एवढं रडू मला कधीच आलं नव्हतं.

सोमवारी सकाळी देवळात गेले. तिथला गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून पिंडीपाशी जावं लागतं. माझ्यापुढे बायका हातात दुधाचे गडू घेऊन उभ्या होत्या. मला ते बघवेना. पिंडीवर हात ठेवून म्हटलं, महादेवा, त्या माणसाला काही नव्हतं एवढं मला कळू दे. औषध टाळता येईल असाच कौल मला हवा होता. दुसरा ऐकायची माझी तयारीच नव्हती.

वर आले तर नर्सिंग होममधल्या मैत्रिणीचा फोन. "कालची ती बाई तुला शोधत आली होती गं. सोमवारी तू देवळात असतेस म्हणून तिला तिकडेच पाठवलंय." थोड्या वेळाने शेअर रिक्षातून ती उतरली. कपाळ मोकळं, अंगावर कालचीच साडी. फाटकाबाहेरच थांबली.

"आत नाय येत सिस्टर, सुतक हाय. दवाखान्यात एक कागद राहिलाय सांगून निघाले." मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "ह्यांना ती बिमारी होती. एचआयव्ही. गोळ्या सोडून दिलेल्या. दीर बोलले, तोंड उघडायचं नाय, चाळीत इज्जत जाईल."

मी तिला विचारलं, मग तुम्ही का सांगायला आलात?

"काल तुमच्या ड्रेसला दूध आलेलं बघितलं मी. तुमचं लेकरू अंगावर पितंय ना?"

मला हवा होता त्याच्या अगदी उलटा कौल मिळाला होता. नवऱ्याची राख अजून गार झाली नव्हती आणि ही बाई माझ्या लेकराची काळजी करत उन्हात उभी होती. मी विचारलं, "ताई, तुमची तपासणी झालीय?" ती म्हणाली, "माझी कोण करतंय?" तिला तशीच रिक्षात बसवली. सरकारी दवाखान्यात आम्ही एकाच बाकावर बसून रक्त दिलं. माझं रक्त त्या दिवशी निर्दोष होतं. मी गोळ्या सुरू केल्या. तिचा रिपोर्ट वाईट आला. तिने कागद घडी करून कमरेला खोचला आणि मलाच पाणी आणून दिलं.

पुढचा महिनाभर मळमळ, उलट्या आणि अन्नावरची वासना गेलेली. हळूहळू दूध आटलं. मुलगी रडून रडून शेवटी बाटलीला राजी झाली. माझ्या पुढच्या सगळ्या तपासण्या स्वच्छ आल्या. शेवटची आली तेव्हा मी आधी त्या ताईंना फोन केला. "देवाने ऐकलं," त्या म्हणाल्या आणि खरंच आनंदल्या. माझं ऐकलं, मग यांचं का नाही? हे मी त्याला अजून विचारते.

आता त्याही नियमाने गोळ्या घेतात, घरी बसून जीन्सचे धागे कापतात. दिराने त्यांचं ताट आणि पेला वेगळा काढलाय. मागच्या सोमवारी त्या देवळात आल्या, या वेळी आतपर्यंत. मी पहिल्यांदाच मुलीला बरोबर नेलं होतं. दर्शन घेऊन आवारात बसलो. त्या कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होत्या, हात मात्र मांडीत घट्ट धरलेले. शेवटी हळूच म्हणाल्या, "घेऊ का हिला? चालंल?"

मी मुलीला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. तिने आधी त्यांच्या पदराशी खेळ केला, मग बोट तोंडात घालून तिथेच झोपली. ऊन अंगावर आलं तरी त्या हलल्या नाहीत. या खेपेला गाभाऱ्यात मी काहीच मागितलं नव्हतं. काय द्यायचं ते त्याला कळतं, आणि ते कोणाच्या हातून द्यायचं तेही. एवढ्यावर आता मी डोकं टेकते.