अपघाताविना चारशे दिवस

ज्योतीरामच्या हातात कला आहे, हे आमच्या कंपनीत सगळ्यांत आधी ओळखलं ते एचआरच्या तनुजा मॅडमनी. तळवड्यातल्या आमच्या शेडमध्ये तो आठ वर्षं प्रेसवर पत्र्याचे ब्रॅकेट काढतोय, पण त्याला कोणी कला म्हणत नव्हतं. तो मूळचा भूमकडचा. जेवणाच्या सुट्टीत सुतळीची शिंकी विणायचा. गावी त्यात दुधाचं भांडं टांगत. एक मॅडमनी नेलं. त्यांच्या वाकडच्या फ्लॅटच्या बाल्कनीत त्यात मनीप्लांट बसला आणि शिंक्याचं मॅक्रमे, म्हणजे शोभेचं विणकाम, झालं. मैत्रिणींसाठी आणखी सहा हवी होती. "किती मन शांत करणारं काम आहे ना!" मॅडम म्हणाल्या. "व्हय मॅडम," म्हणून ज्योतीराम प्रेसवर गेला, कारण सुट्टी संपली होती.

आमची प्रेस तशी भलतीच सुरक्षित. दोन बटणं दोन हातांनी एकदम दाबल्याशिवाय ती खाली येतच नाही, म्हणजे हात आत राहायचा प्रश्नच नाही. फक्त माल कमी निघतो. म्हणून आमचे सुपरवायझर प्रज्वल साहेब एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ठेवतात. ते बटण कायम दाबलेलं, एक हात पत्रा सरकवायला मोकळा. ऑडिटच्या दिवशी पाचर माझ्या स्टोअरमध्ये मुक्कामाला येते आणि पाहुणे गेले की परत कामावर रुजू होते. खंडेनवमीला मशीनची पूजा करताना आम्ही पाचरीलाही हळदकुंकू लावतो. कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

सुरक्षा सप्ताहाच्या दुसऱ्याच दिवशी, सकाळी अकराला, ज्योतीरामच्या मोकळ्या हाताची दोन बोटं गेली.

गेटवरच्या फलकावर तेव्हा 'अपघाताविना ३८९ दिवस' होते. चारशे भरले की मोठ्या गिऱ्हाइकाचे पाहुणे येऊन सुरक्षेच्या बक्षिसाची ढाल देणार होते. आता दोन बोटांसाठी कुणी ढाल सोडतं का? जखमी माणूस दुसऱ्या दिवशी कामावर हजर झाला, तर आमच्याकडे तो अपघात धरत नाहीत. दुसऱ्या दिवशी कासारवाडीला त्याच्या दारात कंपनीची गाडी उभी. आठ वर्षांत कंपनीच्या बसमध्ये ज्याला जागा मिळाली नाही, तो एसीत बसून आला. त्याला खुर्ची दिली आणि हलकं काम दिलं: रोज सकाळी फलकावरचा आकडा एकाने वाढवायचा.

अपघाताचं रजिस्टर माझ्याकडे असतं. साहेबांनी सांगितलं ते मी लिहिलं: 'किरकोळ खरचटले. मलम लावले.'

ज्योतीराम रोज स्टोअरच्या खिडकीशी यायचा. "मालोजीभाऊ, माझं लिवलं का? उद्या घरी बसवलं तर दाखवायला कागद लागंल."

"लिहिलंय की," मी म्हणायचो. खोटं थोडंच होतं!

चारशेव्या दिवशी मांडव, केक, सगळा थाट. मॅडमनी दोऱ्याचं बंडल त्याच्या मांडीवर ठेवलं. "दादा, आता बसल्या बसल्या सगळ्यांना मॅक्रमे शिकवा!" त्याने गाठ मारून पाहिली. ती सुटली. त्याने बंडल हळूच बाजूला ठेवलं. मला मॅडमचा भयंकर राग आला, आणि तो गिळून मी टाळ्या वाजवल्या.

मग पाहुण्यांसमोर त्याला आकडा बदलायला बोलावलं. त्याने डाव्या हाताने जुन्या पाट्या काढल्या, नव्या अडकवल्या आणि बाजूला झाला. फलकावर होतं ११.

"अरे, चुकलं!" प्रज्वल साहेब ओरडले.

"न्हाई सायब, मोजून लावलंय. बोटं जाऊन अकरा दिस झाले."

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. "किरकोळ खरचटलं होतं हो. मालोजी, रजिस्टर दाखव."

मी दाखवलं. पाहुण्यांनी वाचलं, मग ज्योतीरामचा हात पाहिला. ज्योतीरामनेही वाकून वाचलं.

"भाऊ," तो म्हणाला, "तुमी तर लिवलंय म्हणला व्हता."

मी खिशातलं पेन काढलं. आधीची ओळ खोडली आणि खाली लिहिलं: 'उजव्या हाताची दोन बोटं तुटली. बटणात पाचर होती.' साहेब काहीतरी बोलत होते. अक्षर वेडंवाकडं आलं, पण माझी पाचही बोटं जागेवर आहेत, त्यामुळे लिहिता आलं.