योग्य उमेदवार मिळाला नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून मला साधी विडी लपवता आली नाही कधी, यावरून काय ते समजा.

लोणावळ्याच्या आमच्या पदवीधर मंडळाला पंचवीस वर्षं झाली, म्हणून त्याचा इतिहास लिहायचं काम माझ्याकडं आलं. चिटणीस मी, दप्तर माझ्याच घरी, दुसरं कोण लिहिणार? लिहिला. छापूनही झाला. शेवटच्या पानांवर स्कॉलरशिप मिळालेल्या मुलांची सालवार यादी आहे. वाचणारा प्रत्येक जण त्या यादीत एका ओळीशी थांबतो. त्या सालापुढं नाव नाही. ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ एवढंच आहे. लोक सहज विचारतात, का हो मास्तर, त्या वर्षी मावळात कुणीच नव्हतं? मी म्हणतो, नव्हतं.

होती. एक मुलगी होती. हौसा तिचं नाव.

थांबा, आधी मंडळाचं सांगतो — म्हणजे मी काय केलं ते सांगायला जरा उशीर होईल. बघा, अजून पळतोच आहे मी!

मंडळ म्हणजे काही फार मोठं प्रकरण नव्हे. युनिव्हर्सिटीची पदवी घेतलेली गावातली दहा-बारा माणसं. एक डॉक्टर, दोन वकील, रेल्वेतले काही, आणि हवा खायला येऊन इथंच राहून गेलेले पेन्शनर. रविवारी सगळे रावसाहेबांच्या व्हरांड्यात जमायचे. रावसाहेब आमचे अध्यक्ष, निवृत्त सबजज्ज. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमाराला त्यांनीच मनावर घेतलं, की मावळातलं एक तरी मूल दर वर्षी पुण्याच्या कॉलेजात गेलं पाहिजे. त्यातलं पहिलं मूल मी.

मी बी. ए. झालो, इथल्याच शाळेत मास्तर झालो, आणि मंडळानं मला डोक्यावर घेतलं. वार्षिक सभेला पाहुणे आले की रावसाहेब माझ्या खांद्यावर हात ठेवायचे आणि म्हणायचे, “हा आमचा मावळा!” टाळ्या पडायच्या. मी मान खाली घालायचो. पण मनात? मनातून मी वर्षभर त्या एका वाक्याची वाट बघत असायचो. माझ्यामागून आलेली मुलं — कुणी इंटरच्या परीक्षेत गळालं, कुणी मुंबईला नोकरी धरली. माझ्या जागेला धक्का लागला नाही. आणि त्याचं मला बरं वाटायचं. लाज वाटते लिहायला, पण बरं वाटायचं.

मग हौसाचा अर्ज आला. सुदुंबऱ्याच्या अलीकडच्या एका वस्तीवरची पोर. बाप लहानपणीच गेलेला, आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. मावशी तळेगावला एका दवाखान्यात दाई होती, तिच्याकडं राहून ही मॅट्रिक झाली. गणितातले मार्क असे, की रावसाहेबांनी चष्मा पुसून कागद पुन्हा वाचला. मग माझ्याकडं बघून हसले. “मास्तर, ही पोरगी तुमच्या पुढं जाणार बरं का!” सगळे हसले. मीही हसलो. खरं सांगू? त्या हसण्यातच माझं पुढचं सगळं ठरून गेलं होतं.

अर्जदाराच्या घरी जाऊन चौकशी करायचं काम माझं. वाटा मला ठाऊक, बोली मला येते. छापील कागदावर शेवटचा रकाना ‘घरची परिस्थिती’. स्कॉलरशिप फक्त गरिबाघरच्या मुलाला, म्हणून तो मी भरायचा, आणि त्यावर मंडळ ठरवायचं.

तळेगावला उतरून चालत गेलो. हौसाची आई वाट बघतच होती. ओसरी सारवलेली, घोंगडी अंथरलेली. पाणी देता देताच तिनं सांगितलं, पोरीच्या चुलत्यांनी मुदत घातली आहे. कॉलेजचं जमलं तर जमलं, नाहीतर येत्या वैशाखात पोर उजवून टाकायची. “तुमी आलात, आता घोर न्हाई मला,” म्हणाली.

मी हौसाची परीक्षा घेतली. कशाला? मार्क तर समोर होते. पण घेतली. खिशातला खडू काढून भूमितीचा एक अवघड प्रश्न घातला, कॉलेजात मलाच दोन दिवस घाम फोडलेला. तिनं तो तिथं जमिनीवर सोडवला. आणि मी सोडवला होता त्यापेक्षा निम्म्या वाटेनं सोडवला. मग खडू पुसून माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, “असं चाललं का मास्तर?” तिला खरंच ठाऊक नव्हतं, की चाललं. मी म्हटलं, ठीक आहे.

मग जेवण. आमच्या पूर्व मावळात रोजची बाजरीची भाकरी, भात सणासुदीला. माझ्यापुढं पितळेच्या ताटात आंबेमोहोराचा भात आला, वर तूप, तोंडी लावायला कुरडया, शेवटी गुळाची खीर. मायलेकी जेवल्या नाहीत. आई दाराआडून बघत होती, आणि भात संपायच्या आत पुन्हा वाढत होती. ताटाच्या काठावर नाव कोरलेलं होतं — गावच्या पाटलाचं. तांब्यावरही तेच नाव. म्हणजे भांडी मागून आणलेली. मग तांदूळ कुठून आला असेल, तूप कुठून? मी काय शहरातला होतो हे न कळायला? आमच्याही घरी पाहुण्यासाठी शेजारचं ताट यायचं. चुलीजवळ त्यांच्या स्वतःच्या दोन स्वस्तातल्या जर्मलच्या ताटल्या पालथ्या घातलेल्या मला दिसत होत्या.

पोटभर जेवलो. परतीच्या गाडीत गुडघ्यावर कागद ठेवून मी रकाना भरला. ‘खाऊनपिऊन सुखी.’

एवढेच शब्द. सभेत मीच वाचून दाखवले. रावसाहेबांचं तोंड उतरलं. “अरेरे! मग आपल्या नियमात नाही बसत. खात्री आहे ना तुमची?” मी म्हटलं, त्यांच्या घरी जेवून आलोय मी. बाकीचे अर्ज कच्चे होते, ते साल कोरं राहिलं.

इथं थांबता आलं असतं, तर मी नुसता मत्सरी ठरलो असतो. पण थांबलो नाही.

महिन्याभरानं हौसाची आई लोणावळ्याला आली. आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसून. मधल्या सुट्टीत शाळेच्या फाटकाशी उभी होती, पदर डोक्यावरून पुढं ओढलेला. भांडायला नव्हती आली. विचारायला आली होती. “मास्तर, आमचं काय चुकलं?”

काय चुकलं? मी तिच्याकडं बघत होतो आणि मला एवढंच दिसत होतं, की ही बाई आत जाऊन हेडमास्तरांना विचारेल, हेडमास्तर रावसाहेबांना विचारतील, आणि मग माझं काय? तोंडात पहिलं आलं ते बोललो. “आक्का, तुमी त्या दिवशी असं ताट वाढलंत, वरच्या लोकास्नी वाटलं घर भरल्यालं हाय.”

तिनं पदर तोंडाशी नेला. “म्या वाढलं म्हून?”

“व्हय,” मी म्हणालो. एरवी मी शाळेत ‘हो’ म्हणतो. त्या दिवशी ‘व्हय’ म्हणालो, तिला आपला माणूस वाटावा म्हणून.

ती तशीच वळली. आल्या गाडीनं परत गेली. वैशाखात हौसाचं लग्न झालं, चाकणच्या बाजूला दिली. जाताना आईच्या पाया पडली नाही, आणि पुढं दोन वर्षं माहेरी आली नाही, असं तिच्या मावशीनं मला तळेगावच्या फलाटावर सांगितलं. सांगताना ती मावशी मलाच म्हणाली, “तुमी लय खटपट केलीत मास्तर, पर माझ्या भनीनंच हातानं घालवलं.” मी ऐकून घेतलं. काय करणार होतो? — नाही, हा प्रश्न मला शोभत नाही. करण्यासारखं पुष्कळ होतं. एक वाक्य होतं. ते कुणालाही, कधीही सांगता आलं असतं. जितके दिवस गेले तितकं ते वाक्य जड होत गेलं, आणि मी रविवारी व्हरांड्यात चहा पीत राहिलो.

हौसा आता तिशी ओलांडलेली बाई असेल. आई गेल्या वर्षी वारली. त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी वस्तीवर गेलो होतो. सांगायलाच गेलो होतो, अगदी ठरवून. वाटभर शब्द जुळवत गेलो.

पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं. म्हातारी ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मला ओळखलं. पाणी दिलं, मुलाबाळांची चौकशी केली. मग पुन्हा शेंगा फोडायला लागली. आत चुलीवर काहीतरी शिजत होतं, वास येत होता. मी शब्द शोधत होतो. तिला वाटलं असावं, मी जेवणासाठी खोळंबलोय. ती कानकोंडी झाली. शेंगांचं सूप बाजूला सारून, माझ्याकडं न बघता म्हणाली, “राग मानू नगा मास्तर. पावण्याला जेवू घालायचं सोडलं म्या. मला लाभत न्हाई ते.”

आणि मी म्हणालो, “बरं.”

तेवढंच म्हणालो. उठलो, आणि गाडी गाठायला निघालो.