पिवळा क्रूस

मेक्सिकोतल्या साल्तियो शहरातल्या मोटार कारखान्यात एउलालियाचं काम एकच: सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या मालात काही विषारी नाही ना, हे पाहून सही करायची. त्यामुळे तिला मनापासून कोणी जेवायला बोलावत नसे. अबुंदियो मात्र बोलवायचा.

अबुंदियो आपल्या छोट्या कारखान्यात अकरा कामगारांच्या जोरावर गाड्यांच्या ब्रॅकेटना जस्ताचा मुलामा चढवायचा. पूर्वी त्यावर सोनेरी झाक आणायला माल क्रोमियमच्या पिवळ्या टाकीत बुडवत. ते क्रोमियम कर्करोगाला आमंत्रण, म्हणून मोटारवाल्यांनी बंदी घातली. टाकी तीन वर्षांपूर्वीच काढून टाकली, असं अबुंदियोने लिहून दिलं होतं. यंदा एउलालियाची सही झाली तर वर्षभराचं काम पक्कं, नाहीतर अकरा जण घरी.

तीन मेला, पवित्र क्रुसाच्या सणाला, त्याने आपल्या कारखान्यातल्या लोखंडी क्रुसाची धर्ममाता म्हणून, म्हणजे तो सजवायला, तिलाच नेमलं. मान मोठा, आणि त्यात थोडी लबाडीही होती. तिने फुलं आणली. सगळ्यांबरोबर मटण आणि मक्याच्या तोर्तिया खाल्ल्या. मग क्रुसाला रिबीन बांधायला गेली, तर क्रूस हळद लागलेल्या नवरीसारखा पिवळाधमक.

तिने पर्समधली तपासणीची बाटली काढून क्रुसाच्या पाठीला एक थेंब लावला. थेंब जांभळा झाला, म्हणजे तेच क्रोमियम, तेही ताजं.

“टाकी कुठंय, काका?”

अबुंदियोने आढेवेढे घेतले नाहीत. “मागं, ताडपत्रीखाली. पण ब्रॅकेट एकही बुडवला नाही, इंजिनीअरबाई. वर्षातनं एकदा फक्त क्रूस. बापानं घालून दिलेला रिवाज आहे. देवाला काय नुसत्या जस्तानं दवाखान्यातल्या खाटेसारखा पांढरा ठेवू?”

तिला ते खरं वाटलं, हीच पंचाईत होती. नियमात टाकी असणं हाच गुन्हा होता.

“बुडवतं कोण?”

“मीच. पोरांना जवळ फिरकू देत नाही.”

“का देत नाही?”

अबुंदियोने दीर्घ श्वास घेतला. चाळीस वर्षं त्या वाफेत काढून त्याच्या नाकातल्या पडद्याला भोक पडलं होतं. श्वास घेतला की बारीक शिट्टी वाजायची, आणि कामगार पाठीमागे त्यावरून हसायचे. आत्ता कोणी हसत नव्हतं आणि शिट्टी सगळ्यांना ऐकू येत होती.

शेवटी तोच उठला, मागे गेला आणि त्याने स्वतः ताडपत्री ओढून काढली.

एउलालियाला वाईट वाटलं, पण राग जास्त आला, या माणसाचाही आणि टाकीचाही. तिने फॉर्म काढला. टाकी सापडली, ती हलेपर्यंत मंजुरी नाही, असं लिहून खाली सही केली. ‘टाकीत बुडवलेला माल’ हा रकाना राहिला होता. त्यात तिने लिहिलं: क्रूस, एक.